रिकामा फेरा

मांजलपूरच्या घरी, मागच्या पडवीत
जिथे आधी वॉशिंग मशीन होतं
तिथे आता मिलिंग मशीन उभं आहे,
मकरपुऱ्याच्या बंद पडलेल्या शेडमधून आणलेलं,
भंगाराच्या भावात, टेम्पोचं भाडं वेगळं.
मुलगा म्हणाला, आई, या वयात बायका भिशी लावतात.

एकतीस वर्षं मी पंपांची ड्रॉइंग्ज काढली.
माझ्या कागदावर लोखंड कधी हललं नाही.
रेघ जिथे थांबवली तिथे थांबली,
आणि कोपऱ्यात अधिक-उणे पाच शतांश लिहून
मी डबा उघडायची.

काम तसं लहान होतं.
वरच्या झवेरबेनचा हिंचका दुपारी तीनला कुरकुरतो;
म्हटलं, बेअरिंगचं घर करून देते.
पोलादाचा ठोकळा, साबणाच्या वडीएवढा,
शेगड्यात आवळला, तेलाचे दोन थेंब सोडले,
आणि टेबल सरकवलं
कटर ज्या बाजूला ओढत होता त्याच बाजूला.
हाताला हलकं. पृष्ठभाग आरशासारखा.
तिसऱ्या खेपेपर्यंत.

मग आवाज.
भातातला खडा चावावा तसा, पण खांद्यात.
टेबल माझ्या हातातून पुढे गेलं, हँडलला न विचारता.
कटरचा तुकडा रविवारी सापडला, कोथिंबिरीच्या कुंडीत.
डोळ्यांवर नुसता वाचायचा चष्मा होता.
तुकडा गालापासून किती लांबून गेला
ते माप मी घेतलेलं नाही.

स्विच बंद केला. चहा केला.
साखर घालायची राहिली, तसाच प्यायले.

नटवरभाई आले, सायकलवरून,
मोतीबिंदूचा हिरवा चष्मा लावून.
हे तेच, अठ्ठ्याऐंशी साली माझं ड्रॉइंग
तेलकट बोटांत धरून टेबलापाशी उभे राहायचे :
"गुप्तेबेन, आमां कटर जशे क्यांथी?"
आणि मी मान वर न करता,
ड्रॉइंग बरोबर आहे.

तुटक्या कटरकडे त्यांनी पाहिलंसुद्धा नाही.
हँडलवर दोन बोटं ठेवली, पुढे नेलं, मागे आणलं.
"जुओ."
हँडल फिरत होतं, टेबल जागेवर.
डायलवरच्या अकरा रेघा,
ज्यांच्यात काहीच घडत नव्हतं.
स्क्रू आणि नटाच्या मधली झीज,
चाळीस वर्षांची, कुणाकुणाच्या पाळ्यांची.
"आ खाली आंटो," ते म्हणाले.
रिकामा फेरा.
"कटर ओढतो ना, तो आधी हा गिळतो,
मग एकदम मोठा घास घेतो.
जुन्या मशीनवर कटरच्या सामने जायचं, बेन.
त्यानं ढकलावं, तुम्ही रेटावं."

निघताना मी विचारलं,
तो आतला काटकोनी कोपरा,
जिथे कटर जाऊच शकत नव्हता,
तो तुम्ही कसा काढलात?
"कानशीनं."
आणि जोडे चढवता चढवता,
"पण तुम्ही विचारता तो, कयो?"

मंगळवारी दुसरा ठोकळा बांधला.
आधी रिकामा फेरा काढून टाकला,
हाताला वजन लागेपर्यंत, आणि मग आणखी थोडं.
उलट्या बाजूनं गेले. सावकाश. खरखरीत झालं,
कानशीनं घासलं, रात्री पावणेअकरापर्यंत.
अंगठ्याला फोड आला.

बेअरिंग बसलं. हिंचका तरी कुरकुरतोच.
आवाज मुळी छताच्या कडीचा होता.
"रहेवा दो," झवेरबेन म्हणाल्या,
"त्याच्याशिवाय आता डोळा लागत नाही."

चावा बसलेला ठोकळा खिडकीत आहे.
मी त्याचं ड्रॉइंग काढायला घेतलंय,
तिन्ही बाजूंनी, खड्ड्यासकट.
अधिक-उण्याची जागा
अजून कोरी.